कच्च्या लोकरीतल्या काचा

आमच्या भागात पाठक सरांचं नाव काढलं की आजही कोणीतरी विचारतं, "पाणी चढवणारे पाठक का?" मग आजूबाजूचे हसतात. मीही एकदा हसलो आहे. वारंगा फाट्यावर एसटीची वाट पाहत पाच-सात जण उभे होतो, कोणीतरी हा विषय काढला आणि सगळ्यांबरोबर मीही हसलो. सर पलीकडच्या टपरीवर चहा पीत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला आजवर कळलेलं नाही.

दिवाळी अंकासाठी प्रयोगशाळेतल्या गमती लिहून द्या, असं संपादकांनी सांगितलं. गमती पुष्कळ आहेत. गॅसच्या शेगडीवर वांगी भाजणारे विद्यार्थी होते, परीक्षेच्या दिवशी बेडूक पळून गेल्यावर त्याच्या मागे धावलेले बाहेरचे परीक्षक होते. पण त्या सगळ्या बाजूला ठेवून एकच सांगतो, कारण ती सांगायला माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. माझी आता पंच्याहत्तरी उलटली आहे.

मी कळमनुरी तालुक्यातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होतो. परिचर म्हणजे नळ्या धुणारा, बाटल्या भरणारा, कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस. प्राध्यापकाला जे माहीत असायला हवं ते परिचराला आधी माहीत असतं, आणि त्याने ते कोणाला सांगायचं नसतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा आमचा जिल्हा अजून परभणीच होता. पाठक सर भौतिकशास्त्र शिकवायचे आणि चाळिशी ओलांडल्यावर पीएच.डी.ला बसले होते.

त्यांचा विषय आधी समजावून सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. तसं समजल्यावरही वाटेलच.

अळूच्या पानावर पाणी टाकलं की त्याचा मोती होतो आणि घरंगळतो. घासून धुतलेल्या काचेवर टाकलं तर ते पसरतं. एका पानाला पाणी नको असतं, एका काचेला हवं असतं, एवढाच फरक. आता समजा एकच काचपट्टी घेतली, बोटाएवढी. तिचं एक टोक अळूच्या पानासारखं केलं आणि दुसरं स्वच्छ काचेसारखं ठेवलं. मध्ये रेघ मारून नाही. धुवट कापडाचा रंग जसा एका काठाकडून दुसऱ्याकडे विरत जातो तसं, हळूहळू, डोळ्याला न दिसेल अशा बारकाईनं. केसाची जाडीही तिथे डोंगराएवढी मोठी. मग नको असलेल्या टोकावर थेंब ठेवला तर तो हव्या असलेल्या टोकाकडे आपणहून चालत जातो. काच किंचित तिरकी केली तर चढावरही जातो. परदेशात हे झालं होतं. सरांना ते आमच्या कॉलेजात करायचं होतं. तिथे नळाला पाणी दिवसाआड यायचं.

कृती अशी. काच आधी आम्लात उकळून धुवायची. मुंबईहून पार्सलने आलेलं, काचेला पाणी नकोसं करणारं एक औषध होतं, छोट्या बाटलीत. त्यात दोरा बुडवून तो काचेच्या एका टोकाजवळ ठेवायचा आणि वरून वाटी उपडी घालायची. औषधाची वाफ जवळच्या टोकावर दाट बसते, लांबच्या टोकाकडे विरळ होत जाते. औषधाच्या टोकाला खूण करायची. मग काचा चार दिवस डेसिकेटरमध्ये मुरू द्यायच्या. डेसिकेटर म्हणजे जाड काचेचं जड झाकणाचं भांडं, तळाशी ओल ओढून घेणारे खडे. हवेतली ओल लागली तर औषध बिघडतं, म्हणून.

आणि शेवटी पारख. पारखेचं काम माझं होतं. काचेवर श्वास सोडायचा.

खरंच. तोंड जवळ नेऊन "हाऽ" करायचं. काचेवर दव धरतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की नक्षी दिसते. काच जशी हवी तशी झाली असेल तर एका टोकाला मोहरीसारखे थेंब, मग राजगिऱ्यासारखे, मग खसखशीसारखे आणि दुसऱ्या टोकाला नुसतं सपाट धुकं. सरांच्या श्वासानं त्यांचाच चष्मा भरून जायचा, म्हणून श्वास मी सोडायचा आणि सरांनी बघायचं.

"मारोती, तुझ्या श्वासात तंबाखू आहे. नक्षी बिघडते," सर एकदा म्हणाले.

मी तंबाखू सोडली. कांदाही दुपारपर्यंत बंद केला. घरी आमच्या गोदावरीनं कपाळावर हात मारला. "पंधरा वर्सं झाली मी सांगून राहिले, तवा न्हाई सोडली. आता काचेसाठी सोडून राहिले का? त्या काचेशीच लगीन करायचं होतं मंग!"

पूर्ण एक वर्ष मी श्वास सोडला आणि पूर्ण एक वर्ष काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट धुकं आलं. सर रोज वहीत लिहायचे, "बदल नाही." त्यांचं अक्षर सुंदर होतं.

मग मी झाकण फोडलं.

डेसिकेटरच्या झाकणाच्या कडेला वंगण असतं. ते पुसून नवं लावत होतो, हातातून निसटलं आणि फरशीवर पडून तीन तुकडे झाले. तेव्हा माझी नोकरी कायम होण्याची फाइल प्राचार्यांच्या टेबलावर होती. अकरा वर्षं हंगामी काढली होती. प्राचार्य असे होते की झाडूची काडी तुटली तरी लेखी खुलासा मागत. मी तुकडे पिशवीत घालून घरी नेले, भांडं कपाटात मागे सरकवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडेच असायची. सर कधी कपाट उघडत नसत, "काच दे" म्हणायचे, मी द्यायचो.

पण काचा ठेवायच्या कुठे? औषधाला ओल लागून चालणार नव्हतं. आम्ही मेंढरंवाले. माझा भाऊ अजूनही मेंढरं घेऊन रानोरान फिरायचा. पावसापाण्यात आगपेटी सांभाळायची आमची एक रीत आहे: न धुतलेल्या, कातरून काढलेल्या कच्च्या लोकरीच्या गोळ्यात काड्या गुल खाली करून खुपसायच्या. त्या लोकरीत मेंढीच्या अंगाचा तुपकट मळ असतो. तिच्यावर पाणी थांबत नाही आणि आत ओल शिरत नाही. माझ्या बापानं, आज्यानं हेच केलं. मी काय वेगळं करणार? भावाकडून पायलीभर लोकर आणली, लाकडी खोक्यात दाबून भरली आणि काचा तिच्यात उभ्या खुपसल्या. औषधाचं टोक जपायचं, म्हणून खुणेचं टोक खाली लोकरीत आणि कोरं टोक वर. काड्या खुपसतात तश्शाच. खोकं कपाटाआडच्या, ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवलं, सरांच्या नजरेआड.

एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. सर कच्चे नव्हते. प्रत्येक वेळी ते औषध न लावलेली एक कोरी काचही शेजारी ठेवायला सांगायचे, तुलनेला. ती मी लोकरीत ठेवली नाही. तिला औषधच नाही, तर तिला काय जपायचं? ती माझ्या जेवणाच्या डब्याच्या रिकाम्या खणात राहायची.

चार दिवसांनी मी श्वास सोडला. सर सूक्ष्मदर्शकात बघत होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळा लावला.

"पुन्हा सोड."

सोडला.

"मारोती, मोहरी दिसते आहे रे."

मी वाकून बघितलं. मोहरी, राजगिरा, खसखस, धुकं. सरांनी काचेच्या कोऱ्या टोकाखाली पेन्सिल सरकवून तिला चढ दिला आणि खुणेच्या टोकावर थेंब ठेवला. थेंब जरा थरथरला, पुढून फुगला आणि वर गेला. मुंगी भिंत चढते तसा. सरांनी कोऱ्या काचेवर थेंब ठेवला, तो पसरून तिथेच राहिला. सरांनी टेबलावर डोकं टेकवलं. त्याच आठवड्यात त्यांनी सुती दोरा बदलून रेशमाचा घेतला होता. म्हणाले, "रेशमाचा गुण आहे हा." मी म्हणालो, "व्हय सर, रेशीमच." मला खरंच तसं वाटलं होतं. त्या वेळी माझ्या मनात पाप नव्हतं.

सहा महिने थेंब चढत राहिला. एकदाही चुकला नाही. बातमी आखाडा बाळापूरच्या बाजारात गेली आणि तिथून कुठे कुठे. माणसं यायला लागली. एका बाईला तिच्या सुनेचं डोकं या काचेनं शांत होईल असं कोणी सांगितलं होतं. एकजण आपल्या घरातलं पाणी आणून म्हणाला, हे चढवून दाखवा, कॉलेजचं पाणी आधीच शिकवलेलं असेल.

सगळ्यात चिकाटीचे होते टेकडीवरच्या बंजारा तांड्याचे प्रमुख, नाईक. तांब्याचं कडं घातलेले, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी थेंब तीन वेळा चढवून घेतला आणि मग मुद्द्यावर आले.

"सायेब, आमचा तांडा वर हाय, हीर खाली हाय. बायका डोईवर पाणी वाहून राहिल्या. काच किती लागंल?"

सर हसले नाहीत. त्यांनी कागद घेतला. विहिरीपासून तांडा किती उंच, ते विचारलं. मग म्हणाले, "नाईक, एक थेंब बोटभर चढतो, आणि वर पोचला की काचेला चिकटून बसतो, सोडत नाही. काच भिजेल, पण घागर भरणार नाही."

नाईकांनी विचार केला. "मंग हे शिकून काय फायदा?"

"अजून माहीत नाही," सर म्हणाले.

"हे बराबर बोलले," नाईक मला म्हणाले. "न्हाई तर सायेब असून माहीत न्हाई म्हनणारा मानूस आजवर पायलाच न्हाई मी." त्यानंतर ते दर बाजारच्या दिवशी यायचे, थेंब बघायचे आणि जायचे.

मग विद्यापीठाकडून तिघांची समिती काम बघायला येणार असं पत्र आलं. प्राचार्य हुरळले. त्यांनी बाकीच्या वस्तूंबरोबर एक नवा कोरा डेसिकेटर मागवला. तो आला तेव्हा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आता कपाटातलं जुनं भांडं कोणी विचारणार नव्हतं. समितीसाठी सरांनी नव्या काचा केल्या. त्या मी नियमानुसार नव्या डेसिकेटरमध्ये ठेवल्या. लोकरीचं खोकं टेबलाखाली सरकवलं. इतक्या मोठ्या माणसांपुढे मेंढीचा वास नको, असं वाटलं.

समितीच्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्राचार्य नव्या कोटात. दारात नाईक. समितीचे तिघे टेबलाभोवती वाकले. सरांनी पेन्सिल सरकवली, खुणेच्या टोकावर थेंब ठेवला.

थेंब बसला तो बसलाच.

सरांनी दुसरी काच घेतली. तिच्यावरही बसला. तिसरीवर तो उलटा खाली ओघळला. समितीतले एक गृहस्थ घड्याळ बघून म्हणाले, "तुमच्याकडचं पाणी जरा निवांत दिसतं." दारातून नाईक ओरडले, "चढ रं बाबा! रोज तर चढून राहिला, आज काहून लाजतो?" सगळे हसले. प्राचार्यही हसले, कारण समिती हसली होती.

"मारोती, श्वास सोड," सर म्हणाले. मी सोडला. समितीनं आळीपाळीनं बघितलं. सगळीकडे सपाट धुकं. एकजण सभ्यपणे म्हणाले, "ही औषधाची काच आणि ही कोरी, दोन्ही सारख्याच दिसतात, नाही का?"

"काल दिसत होती नक्षी," सर म्हणाले.

"काल आम्ही नव्हतो," ते म्हणाले. जाताना त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात आजही दिसतो. माणूस मेला की घरच्यांच्या खांद्यावर ठेवतात, तसा होता.

सगळे गेल्यावर सरांनी मला घरी जायला सांगितलं. मी थांबलो. दिवेलागणीला टेबलाखालचं खोकं आवरायला घेतलं तर लोकरीत एक जुनी काच राहून गेलेली हाताला लागली. उगाच, काय वाटलं म्हणून, तिला पेन्सिलीचा चढ दिला आणि थेंब ठेवला. थेंब वर गेला.

मी तिथेच बसलो. मग दिवसभर आवरायची राहिलेली एक कोरी काच घेतली, जिला औषधाचा वाससुद्धा लागला नव्हता. तिचं एक टोक लोकरीत दाबलं आणि खोकं पुन्हा त्या ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवून दिलं. चार दिवसांनी तीही चढवायला लागली. औषधाची बाटली उघडून पाहिली. तोंडाशी पांढरं पापुद्र्यासारखं जमलं होतं. तिला ओल कधीच लागून गेली होती. दीड वर्ष तिच्यात काही जीव नव्हता. थेंब चढवत होती ती माझ्या भावाची मेंढरं. त्यांच्या अंगाचा मळ काचेवर खालून वर सरकत, विरळ होत गेला होता. तसा थर सरांना हाती औषध असून साधला नव्हता.

आता जे लिहितो त्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

त्याच आठवड्यात माझी कायम झाल्याची ऑर्डर आली होती. सरांना सांगायचं तर लोकर का, ते सांगावं लागलं असतं. लोकर का, तर झाकण. आणि झाकण सहा महिने लपवलं, कोऱ्या काचा वेगळ्या डब्यात ठेवल्या, विचारल्यावर "आत ठेवल्यात सर" म्हणालो. मी दोन्ही काचा आम्लात घातल्या आणि उकळून धुतल्या. लोकर भावाला परत केली. त्यानं तिची घोंगडी विणून घेतली.

सरांनी विद्यापीठाला स्वतःच पत्र लिहिलं: पूर्वी नोंदवलेले निकाल पुन्हा मिळत नाहीत, म्हणून मी माझं काम मागे घेतो. ते पत्र टपालात टाकायला त्यांनी माझ्याकडेच दिलं. मी टाकलं. त्यानंतर त्यांनी कधी संशोधन केलं नाही. वर्ग घेत राहिले, फळ्यावर सुंदर अक्षरात लिहीत राहिले. मागच्या बाकावरून पोरं पाण्याची बाटली तिरकी करून "चढ, चढ" म्हणायची. सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. आमचा जिल्हा वेगळा झाला, सर निवृत्त झाले, मी निवृत्त झालो.

गोदावरी गेली त्या वर्षी मी सरांकडे गेलो. ते हिंगोलीत राहत होते. वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, दार उघडलं. त्या जवळा बाजारच्या, बोलणं आमच्यासारखंच. मी बसलो आणि पाणी न पिता सगळं सांगितलं. झाकणापासून पत्रापर्यंत.

सरांनी माझ्यापुढचं पाणी बाजूला सरकवलं. मग विचारलं, "धुतलेली लोकर का कच्ची?"

"कच्ची, सर."

"काळ्या मेंढीची का पांढऱ्या?"

"मिसळ होती."

"कोरी काच कुठं ठेवायचास?"

"जेवणाच्या डब्यात."

"अरे देवा," सर म्हणाले, आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मी उठून पाठीवर हात फिरवावा की नाही, कळेना. मग ते एकदम थांबले.

"मारोती, मी तेव्हा नांदेडला जाऊन डोळे तपासून आलो होतो. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे. मला वाटलं, मी इतकी वर्षं जे व्हावंसं वाटतं तेच बघत होतो. थेंब चढलाच नव्हता, मला दिसला आणि मी दाखवला म्हणून बाकीच्यांना दिसला. तुला विचारायचं धाडस झालं नाही. तू माझं मन राखायला हो म्हणाला असतास." ते पुढे झुकले. "म्हणजे चढला होता?"

"चढला होता, सर. रोज चढला."

"बराबर?"

"बराबर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मग हे लिही कुठंतरी. माझं नाव घालून लिही. चेष्टा नावानं झाली, खुलासाही नावानं होऊ दे. मी बघितलं ते खरं होतं आणि त्याचं कारण मी चुकीचं सांगितलं, हे दोन्ही लिही. तुझं काय लिहायचं ते तुझं तू बघ."

माझं मी बघितलं, ते हे असं आहे.

सरांनी मला क्षमा केली की नाही, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. चहा त्यांनी केला होता, पण तो बाहेर आला नाही. मी ओट्यावर बसून चपला घालत होतो तेव्हा आतून सरांचा आवाज आला, "ऐकलंस का? चढला होता म्हणे."

"ऐकलं," वहिनी म्हणाल्या. "मी तवाच म्हनलं होतं, तुमच्या डोळ्याला काही झालं न्हाई म्हणून."

मग त्यांनी आतून दाराला कडी लावली.